गावच्या वाचनालयाला ८०जी घ्यावं का? (आणि घेतल्यावर देणगी वाढते का?)

खजिनदार_नाइलाजाने | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बेळगावपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका गावात आमचं वाचनालय आणि नाट्यमंडळ आहे. संस्था एकच, पाटी दोन. वर्षाला एक नाटक, एक व्याख्यानमाला, आणि जानेवारीत आजूबाजूच्या गावांसारखं आमचंही छोटं साहित्य संमेलन. गेल्या पावसाळ्यात वाचनालयाची मागची बाजू गळायला लागली. कादंबऱ्यांचं कपाट ओढून पुढे आणलंय, खाली परात ठेवलीय. छप्पर, वासे, वायरिंग मिळून सात-आठ लाखांचा अंदाज आहे.

आमच्याच गावचे एक गृहस्थ पुण्यात मोठ्या पगारावर आहेत. दिवाळीत आले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "दोन लाख देतो, पण तुमच्याकडे ८०जी आहे का?" आम्ही तिघे विश्वस्त एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. अध्यक्षांना वाटलं, ते गाडीचं मॉडेल विचारतायत. नंतर कळलं, देणगीदाराला आयकरात सूट मिळावी म्हणून संस्थेने घ्यायची ती मंजुरी.

तर प्रश्न असे:
आमच्यासारख्या संस्थेला हे मिळतं का? खर्च किती? आणि खरं सांगा, त्याने देणग्या वाढतात का, की नुसता कागदांचा व्याप?

टिळकवाडीकर | १०:५२

घ्या की ओ. विचारताय काय.

ताळेबंद | ११:३०

चार्टर्ड अकाउंटंट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आयकर खात्याकडे संस्थेची धर्मादाय म्हणून नोंदणी लागते (१२एबी). त्यानंतर ८०जी. दोन्ही अर्ज ऑनलाइन, सरकारी फी शून्य. ८०जी ची नियमित मंजुरी पाच वर्षांची, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी पुन्हा अर्ज. खर्च होतो तो माझ्यासारख्यांच्या फीचा आणि तुमच्या झोपेचा.

तुमची संस्था जुनी असेल तर बहुधा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेली असेल. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या ट्रस्टांचे कागद त्या कायद्याचे असतात. नोंदणीचा दाखला आणि मूळ घटना (संस्थेची नियमावली) आधी शोधून काढा. घटनेत एक ओळ लागते: संस्था बंद पडली तर मालमत्ता तशाच धर्मादाय संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही. जुन्या घटनांत ती हमखास नसते.

आता देणगीदाराचा फायदा. तुमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम त्याच्या उत्पन्नातून वजा होते. कर निम्मा होत नाही, उत्पन्न तेवढं कमी धरतात. पुण्याच्या गृहस्थांचं उत्पन्न समजा २४ लाख. दोन लाखांचे निम्मे एक लाख वजा. वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात, ४ टक्के उपकर धरून, वाचले ३१,२०० रुपये. म्हणजे दोन लाख दिले तरी १,६८,८०० त्यांच्या खिशातूनच गेले.

आणखी एक मर्यादा आहे. सूट मोजताना देणगी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरतात. नऊ लाख उत्पन्नाच्या मास्तरांनी एक लाख दिले तर धरणार नव्वद हजार, वजा होणार पंचेचाळीस हजार, वाचणार ९,३६०.

रोखीत २,००० च्या वर घेतलेल्या देणगीला सूट नाही. चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

शहापूरचा_काठ | सोमवार, सकाळी ७:१५

ताळेबंद साहेब, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा आमची पद्धत सोपी. आम्ही बाजारपेठेतले लोक देणगी देतच नाही, स्मरणिकेत जाहिरात देतो. पाच हजारांचं अर्धं पान, "हार्दिक शुभेच्छा", खाली दुकानाचं नाव. धंद्याचा खर्च म्हणून शंभर टक्के वजा. पन्नास टक्के कशाला घेऊ?

तुमच्या संमेलनाची स्मरणिका असेलच. पानं वाढवा.

टिळकवाडीकर | ७:२०

आमच्याकडच्या स्मरणिकेत चार पानं साहित्य आणि छत्तीस पानं हार्दिक शुभेच्छा असतात. आता कारण कळलं.

ताळेबंद | ९:०५

@शहापूरचा_काठ, मुद्दा बरोबर आहे. खरी जाहिरात हा धंद्याचा खर्चच, आणि तो नव्या करपद्धतीतही चालतो. पण एक विचारू? तुम्ही रिटर्न ४४एडीमध्ये भरता का? म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून?

शहापूरचा_काठ | ९:४०

होय, पोराने तसंच करून दिलंय. का?

ताळेबंद | ९:४४

मग उलाढालीवर ६ किंवा ८ टक्के नफा धरला जातो. खर्च कितीही दाखवा, काही वजा होत नाही. जाहिरातीचे पाच हजार तुम्ही इतकी वर्षं निव्वळ प्रेमाने देत आलात.

शहापूरचा_काठ | ९:५१

🙏

(बायकोला सांगू नका.)

हिंदवाडीची_मावशी | ११:१०

😂😂 काठवाले, तुम्ही खरे दानशूर.

जुना_वाचक | दुपारी १२:३५

मला या सगळ्याचं हसू येतं. सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. तेव्हा कुठला ८०जी? १९४६ ला माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन झालं, त्याला तांदूळ, गूळ, लाकूडफाटा गावोगावाहून आला असं वडील सांगायचे. कुणी पावती मागितली नाही. आमच्या गावी अजूनही सुगी झाल्यावर वर्गणी काढतात, कुणी पायलीभर भात देतं. ज्याला द्यायचं तो देतो. ज्याला नाही द्यायचं तो ८०जी विचारतो.

पुण्यात_रुजलेली | १:२०

जुना_वाचक काका, शेवटचं वाक्य जरा लागलं. मी खानापूर तालुक्यातली, बारा वर्षं पुण्यात. दरवर्षी गावच्या शाळेला आणि मंडळाला देते. ८०जी मी विचारते, पण करासाठी नाही. इथे आठवड्याला एक तरी व्हॉट्सअ‍ॅप येतो, "आपल्या मातीसाठी मदत करा", खाली कुणाचातरी जीपेचा नंबर. संस्थेचा पॅन आहे का, हिशेब तपासून घेते का, हे मला लांबून कळायला दुसरा उपाय नाही. गावात असते तर वाचनालयात जाऊन परात बघून आले असते.

आणि एक गंमत. नव्या करपद्धतीत ८०जी ची सूटच नाही. आता नवी पद्धतच आपोआप लागू असते. जुनी हवी तर तसं सांगावं लागतं. माझ्या ऑफिसात जुनी घेणारे दोघंच उरलेत, दोघांनाही घराचा मोठा हप्ता आहे. पगारदाराला २०२५-२६ पासून पावणेतेरा लाखांपर्यंत नव्या पद्धतीत करच लागत नाही. ज्याला करच नाही त्याला सवलत कसली दाखवणार?

धागाकर्त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना आधी ते कुठल्या पद्धतीत आहेत ते विचारावं.

खजिनदार_नाइलाजाने | १:४५

अरे देवा. हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. विचारतो.

निपाणीचा_धूर | २:३०

मूळ प्रश्नाला फाटा देतो, पण मला ही सरकारी विभागणीच पटत नाही. राष्ट्रीय संस्कृती निधी म्हणून केंद्राचा १९९६ पासूनचा निधी आहे. तिथे दिलं की शंभर टक्के वजा, दहा टक्क्यांची अटही नाही. दिल्लीतल्या निधीला पूर्ण सूट आणि गळणाऱ्या वाचनालयाला निम्मी. कला मोठी असावी लागते की पत्ता?

ताळेबंद | २:५२

पत्ता. 🙂

सरकारी निधीवर सरकारचंच लक्ष असतं, म्हणून शंभर टक्के. बाकीच्यांकडे शंकेने बघतात, आणि बनावट पावत्यांचा धंदा बघितल्यावर मलाही ती शंका अगदीच खुळी वाटत नाही. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचं म्हणून अधिसूचित झालेल्या देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या दुरुस्तीलाही पन्नास टक्केच आहे.

कारवारी_मासा | ३:०५

म्हणजे वाचनालयात एक शिलालेख सापडला पाहिजे. 😄

हालशीचा_कदंब | ३:२०

आमच्याकडे पाठवा, शिलालेख भरपूर आहेत. वाचनालय नाही.

गाववाला_५९० | ३:४८

बेळगावात राहून दिल्लीच्या आणि बंगळूरच्या कायद्यांचं कौतुक चाललंय. आपल्या संस्था महाराष्ट्राच्या अनुदानावर जगल्या पाहिजेत. सीमाभागासाठी तिकडून पैसा येतो, तो का मागत नाही?

जुना_वाचक | ४:१०

येतो तेव्हा येतो. महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा अ-ब-क-ड वर्गाला अनुदान देतो, पण तो हद्दीच्या अलीकडे कसा चालेल? आणि कर्नाटकात आपण सगळे घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरतो, सहा टक्के. बिलावर बघा, वेगळी ओळ असते. तो सरकारी ग्रंथालयांकडे जातो. आपण दोन्हीकडून मधल्या रांगेत.

गाववाला_५९० | ४:१५

तेच म्हणतोय की मी! मधल्या रांगेत कुणी ठेवलं?

संपादक | ४:१७

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे बरेच आहेत, त्यातले चार अजून उघडे आहेत. इथे छप्पर.

ताळेबंद | ४:३०

तरीही एक गोष्ट सांगतो. आयकर केंद्राचा, त्यामुळे ८०जी ला हद्द नाही. बेळगावच्या संस्थेची पावती पुण्यात चालते, कोल्हापुरात चालते, गुवाहाटीतही चालते. आपल्या भागातल्या संस्थेला दोन्ही राज्यांत सारखा चालणारा कागद क्वचितच मिळतो, हा त्यातला एक.

पायपेटीवाला | संध्याकाळी ६:०५

वस्तूंच्या देणगीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या संगीत मंडळाला एका घरातून पायपेटी मिळाली. आजोबा गेले, पोरं बंगळूरला, घर विकायला काढलं. जर्मन सूर, काळ्या पट्ट्यांपैकी एक दाबली की वर यायची नाही, भात्याचं कातडं उंदराने कुरतडलेलं. आम्ही दोघांनी बिछाना उचलावा तशी ती जिन्यावरून खाली आणली. खाली आल्यावर मुलगा म्हणाला, "किंमत चाळीस हजार लिहून पावती द्या, ८०जी मध्ये दाखवतो."

सूट फक्त पैशाला. पेटी, पुस्तकं, पडदे, तांदूळ, यांना नाही. सांगितल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जणू आम्हीच पेटी चोरून नेतोय. शेवटी पावतीवर लिहिलं, "एक पायपेटी, सुरेल, साभार." किंमत नाही. भाता आम्ही साडेसहा हजारांत करून घेतला. पट्टी अजून अडकते, मध्यम लावायचा असेल तर बोटाने उचलावी लागते.

कुमार गंधर्व आमच्या जवळच्या सुळेभावीत जन्मले, १९२४ ला. त्यांची शताब्दी झाली तेव्हा याच पेटीवर कार्यक्रम केला.

हिंदवाडीची_मावशी | ६:३०

"सुरेल, साभार". किती छान. पट्टी अडकते ते लिहिलं नाहीत ते बरं केलंत.

सॅन_होजेचा_बाप्पा | मंगळवार, पहाटे ५:१०

इथे आम्ही बेळगावकडची पंधरा-वीस घरं आहोत. गणपतीत जमतो, कुंद्याच्या आठवणी काढतो, आणि "गावासाठी काहीतरी करू या" असं म्हणून पांगतो. धागा वाचून यंदा खरंच करावं वाटतंय. पाठवू का पैसे?

ताळेबंद | सकाळी ८:२०

पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि पैसा तुमच्या स्वतःच्या कमाईचा, नेहमीच्या बँकेच्या मार्गाने येणार असेल, तर तो परदेशी देणगीत धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असेल, तर तुम्ही परदेशी स्रोत. मग संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी लागते, दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेत खातं लागतं. गावच्या वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. खजिनदार, ओळखीचा असला तरी नागरिकत्व विचारल्याशिवाय रुपया घेऊ नका. इथे चूक झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

सॅन_होजेचा_बाप्पा | ८:२६

पंधरा घरांत चार पासपोर्ट भारतीय उरलेत. त्यातला एक माझा. एकटाच पाठवतो म्हणजे.

शहाणा_सुतार | १०:००

गुप्तदानाचं काय? आमच्या पेटीत वर्षाला बरंच पडतं. नाव नाही, गाव नाही.

ताळेबंद | १०:२५

निनावी देणग्या एका मर्यादेपर्यंत चालतात: एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यात जे जास्त ते. त्याच्या वरच्यावर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थेला हा नियम नाही, वाचनालयाला आहे.

म्हणजे उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये हे ठीक, पण आयकर खात्याला कळलं पाहिजे.

शहाणा_सुतार | १०:३१

देवळाची पेटी आणि वाचनालयाची पेटी आमच्याकडे एकच आहे.

ताळेबंद | १०:३३

हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी वाचलं नाही. वेगळी करा. आजच करा.

शिवाय ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. मंडळाचा गणपती आणि मंडळाचं वाचनालय एकाच पावतीपुस्तकावर असतील तर अडचण होईल. आणि नाटकाची तिकिटं, हॉलचं भाडं अशी धंद्यासारखी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. कला-संस्कृती बहुतेक वेळा "सर्वसाधारण लोकोपयोगी" या खणात जाते, आणि ही अट त्या खणाला आहे.

नाटकवेडा_खानापूर | ११:१५

नाटकाच्या तिकिटांनी जमा २० टक्क्यांच्या वर जाईल ही भीती आम्हाला तरी कधी वाटलेली नाही. 😂

२०१५ ला बेळगावात नाट्यसंमेलन झालं, फैयाज अध्यक्षा होत्या. मांडवात जागा नव्हती. पुढच्याच महिन्यात आमच्या नाटकाला बेचाळीस माणसं. त्यात सतरा नातेवाईक.

पोळलेला | दुपारी १:०५

आता दुसरी बाजू. मी एका संस्थेचा (नाव, गाव सांगत नाही) चिटणीस होतो. मोठ्या हौसेने ८०जी घेतलं. पहिल्या वर्षी सव्वाशे पावत्या फाडल्या. कुणी सांगितलंच नाही की वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत प्रत्येक देणगीदाराची यादी (१०बीडी) ऑनलाइन भरायची आणि मग प्रत्येकाला प्रमाणपत्र (१०बीई) काढून द्यायचं. उशिराला दिवसाला २०० रुपये. आम्हाला कळलं ऑगस्टमध्ये.

पैशाचं सोडा. एक निवृत्त मास्तर, पंचवीस हजार दिलेले, भर पावसात छत्री मिटत दारात आले. हातात आयकर खात्याचं पत्र. त्यांनी सूट घेतलेली, आणि खात्याच्या नोंदीत आमच्या संस्थेकडून त्यांच्या नावाचं काहीच नव्हतं. एक शब्द बोलले नाहीत. पाणी प्याले, पत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि गेले. पुढच्या वर्षी त्यांनी वर्गणी दिली, एकशे एक रुपये. रोख.

मी राजीनामा दिला.

यादीसाठी प्रत्येकाचा पॅन किंवा आधार लागतो. पाचशे एक देणाऱ्या आजीकडे पॅन मागून बघा. ती पाचशे एकही परत घेते.

जुना_वाचक | १:३०

हेच. हेच म्हणत होतो मी.

पुण्यात_रुजलेली | २:१०

पोळलेला, वाईट वाटलं. पण हा दोष ८०जी चा की यादी न भरण्याचा? आजींना साधी पावती द्या, त्यांना कुठे सूट हवीय. ज्याला प्रमाणपत्र हवं तो पॅन स्वतःच देतो.

पोळलेला | २:२२

यादी न भरण्याचा. आणि यादी भरणारा माणूस गावात नसण्याचा. आम्ही तिघे होतो, तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर.

ताळेबंद | २:४०

दोघांचंही बरोबर. पाचशे एक वाल्यांचीही नावं-पत्ते पावतीपुस्तकात नीट लिहा, नाहीतर त्या निनावी ठरतील.

उद्यमबागवाला | ४:५५

फाउंड्रीत आहे. देणगीदार म्हणून बोलतो. व्यक्तींचं ८०जी विसरा, कंपन्यांच्या सीएसआरसाठी (कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च) ते लागतंच. कला, वारसा, सार्वजनिक ग्रंथालयं आणि पारंपरिक कला हे सगळं सीएसआरच्या यादीत आहे. पण ज्या संस्थेमार्फत खर्च करायचा तिच्याकडे १२एबी आणि ८०जी दोन्ही हवं, सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा, आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना सीएसआर लागू होत नाही (नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यातलं एक तरी लागतं), पण आम्ही ज्यांना माल पुरवतो त्यांना होतो. मागच्या वर्षी त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमच्याकडे एखादं वाचनालय आहे का, ८०जी वालं?" मला एकही आठवलं नाही. पैसे शौचालयांना गेले. गेले ते चांगल्याच कामाला गेले, पण वाचनालयाचे गेले.

टिळकवाडीकर | ५:०१

म्हटलं ना, घ्या की.

खजिनदार_नाइलाजाने | शनिवार, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. बरंच घडलं.

एक. मूळ घटना सापडली. मागच्या पिढीच्या चिटणिसांच्या घरी, देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात, लाल फडक्यात. मोडीत सही आहे. ताळेबंद म्हणतात ती ओळ नाही. सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल.

दोन. पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. पद्धत विचारली. ते म्हणाले, "थांबा, एचआरला विचारतो." दुसऱ्या दिवशी हसत फोन. ते दोन वर्षांपासून नव्या पद्धतीत आहेत, त्यांनाच माहीत नव्हतं! म्हणजे ८०जी असतं तरी त्यांचा एक रुपया वाचला नसता.

मी म्हटलं, मग? तर म्हणाले, पन्नास हजार आत्ता पाठवतो, पावसाच्या आधी छप्पर तरी करा. उरलेले दीड लाख ८०जी झाल्यावर. मी म्हटलं, अहो पण तुम्हाला उपयोग काय त्याचा? तर म्हणाले, "मला नाही. पण तेवढ्यासाठी तुम्ही हिशेब लिहायला लागाल." आमचे अध्यक्ष स्पीकरवर ऐकत होते. ते उठून बाहेर गेले. दहा मिनिटांनी वही घेऊन आले. २०१९ पासूनची कोरी आहे.

तीन. यादी भरायला माझी भाची तयार आहे, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. पोळलेला, तुम्ही तिला एकदा फोनवर काय काय चुकतं ते सांगाल का?

पोळलेला | ९:४२

सांगतो. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि तिला सांगा, ३१ मे भिंतीवर लिहून ठेव.

ताळेबंद | ९:५०

पन्नास हजारांची आत्ता साधी पावती द्या, त्यावर ८०जी चा उल्लेख नको. मंजुरी ज्या तारखेपासून लागू होईल त्याच्या आधीच्या देणगीला ती चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून अर्ज करताना नवा नंबर बघून घ्या. घटनादुरुस्तीचा मसुदा मी करून देतो. फी नको, संमेलनाचं आमंत्रण द्या.

शहापूरचा_काठ | ९:५८

माझं अर्धं पान ठेवा. तेच आपलं, हार्दिक शुभेच्छा.

जुना_वाचक | १०:१५

कौलं कुठली घालताय? पत्रा घालू नका. पावसात पत्र्याखाली वाचता येत नाही, आवाजच ऐकत बसावं लागतं.

खजिनदार_नाइलाजाने | १०:२०

कौलंच, काका. पण जुनी मिळाली तर बरं, नवी फार महाग सांगतायत. हजारभर लागतील.

नाटकवेडा_खानापूर | १०:३१

खानापूरला एक जुनं घर उतरवतायत, आठशेच्या आसपास कौलं निघतील, चांगली भाजलेली. उद्या बघून व्यनि करतो. टेम्पो तुमचा.